पार्शल कवळी सारखी ढिली होतेय, हलतेय, टोचतेय? तार आवळायच्या आधी हे बघा

मी डेंटल लॅबमध्ये काम करतो, डेंटिस्ट नाहीये, हे आधीच सांगून ठेवतो. डेंटिस्ट माप पाठवतात, आम्ही कवळी बनवतो, आणि त्यातल्या काही फिरून परत येतात, सोबत चिठ्ठी असते "लूज आहे, तार टाइट करून द्या". तार म्हणजे शेजारच्या दाताला अडकून कवळी धरून ठेवणारी. तार आवळणं दोन मिनिटांचं काम आहे, आवळून पाठवतो, आणि काही महिन्यांनी तीच कवळी तीच चिठ्ठी घेऊन पुन्हा हजर. कारण बऱ्याचदा तारेचा दोष नसतोच, ती बिचारी फक्त आधी नजरेस पडते. म्हणून इथे तार मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवलीय.

हे कोणासाठी, तर ज्यांचे एक-दोन किंवा चार-पाच दात गेलेत, बाकीचे जागेवर आहेत आणि गेलेल्यांच्या जागी काढता-घालता येणारी अर्धी कवळी, म्हणजे पार्शल, बसवलेली आहे. पूर्ण कवळीचं गणित वेगळं. आणि फिक्स ब्रिज किंवा इम्प्लांट हलत असेल तर हे वाचण्यात वेळ घालवू नका, सरळ डेंटिस्टकडे जा, त्यात घरी बघण्यासारखं काही नसतं.

लक्षणं काय असतात

लोक सगळ्याला "लूज झालीय" एवढंच म्हणतात, पण लूजमध्ये पण प्रकार आहेत आणि त्यावरूनच अर्धं उत्तर मिळतं. बोलताना, हसताना, जांभई देताना वरची प्लेट, म्हणजे कवळीचा हिरडीवर बसणारा भाग, खाली येते, पण चावताना ठीक असते, हा एक प्रकार. यात पकड कमी पडतेय, म्हणजे तार किंवा थुंकी. याच्या उलट म्हणजे बोलताना काही नाही पण एका बाजूने चावलं की दुसरी बाजू उचलली जाते, तिथे पकड नाही, खालचा आधार गेलाय. हा फरक नीट लक्षात ठेवा कारण दोन्हीचे उपाय वेगळे आहेत आणि चुकीचा उपाय केला तर नुकसान होतं.

बाकी लक्षणं म्हणजे एकाच ठरावीक जागी टोचतं आणि तिथे लाल किंवा पांढरट व्रण दिसतो, पूर्वी खाली अन्न जात नव्हतं आता प्रत्येक जेवणानंतर काढून धुवावी लागते, दात टेकले की टकटक आवाज येतो, ज्या दाताला तार अडकवलीय तोच दुखायला किंवा हलायला लागलाय, किंवा कवळी ढिली नाही उलट घट्ट झालीय, सकाळी घालताना बसतच नाही. शेवटचं लक्षण लोक चांगलं समजतात, "अजून घट्ट आहे की", पण ते चांगलं नाहीये, खाली सांगतो.

अजून एक, कवळी नवीन आहे की जुनी? पहिले काही आठवडे तोंडात जास्त थुंकी येणं, स-श चे उच्चार गडबडणं, काहीतरी अडकलंय असं वाटणं, हे सगळं नॉर्मल आहे, जीभ आणि गाल शिकतात हळूहळू, मोठ्याने वाचायची सवय ठेवली की उच्चार लवकर सुधारतात. पण टोचणं नॉर्मल नाही. "सवय होईल" म्हणून व्रण सहन करू नका, सवय होत नाही, व्रण वाढतो.

सगळ्यात आधी, फुकटात बघण्यासारखं

कवळी काढा, चांगल्या उजेडात आतली बाजू बघा, म्हणजे जी हिरडीला टेकते ती. काढताना बेसिनमध्ये थोडं पाणी भरून ठेवा किंवा खाली टॉवेल पसरा, कारण आमच्याकडे तुटून येणाऱ्या कवळ्यांमधल्या बऱ्याच तोंडात तुटलेल्याच नसतात, धुताना हातातून सटकून बेसिनवर आपटलेल्या असतात.

आत काय बघायचं? पिवळट-राखाडी कडक थर, म्हणजे किटण, टार्टर. खास करून खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला, कारण थुंकीच्या मोठ्या ग्रंथी तिथेच तोंडात उघडतात आणि थुंकीतला कॅल्शियम तिथे साचतो. हा थर जाडीला कागदाएवढा असला तरी कवळी पूर्ण खाली बसू देत नाही. ती अर्धवट बसते, तार दाताच्या चुकीच्या उंचीवर राहते, आणि तुम्हाला वाटतं तार सैल झाली. तारेच्या आतल्या बाजूला आणि तुमच्या स्वतःच्या दातावर, जिथे तार टेकते तिथे, असाच थर आहे का तेही बघा.

साफ करायला मऊ ब्रश आणि साधा लिक्विड साबण पुरतो. टूथपेस्ट वापरू नका, त्यात घासणारे कण असतात, अ‍ॅक्रिलिकवर, म्हणजे कवळीच्या गुलाबी प्लास्टिकवर, बारीक ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांतच पुढचं किटण आणि बुरशी धरते. अ‍ॅक्रिलिकच्या साध्या प्लेटवरचं हलकं किटण पांढऱ्या व्हिनेगरमध्ये निम्मं पाणी घालून त्यात थोडा वेळ भिजवलं की सैल पडतं, मग ब्रश मारायचा आणि भरपूर पाण्याने धुवायचं. धातूची कास्ट, म्हणजे ओतून बनवलेली पार्शल असेल किंवा तारा असतील तर हे जास्त वेळ नको, आणि ब्लीच तर अजिबातच नको, क्लोरीनने धातू काळा पडतो, खड्डे पडतात. सुरीने, पिनेने, ब्लेडने खरवडू नका. निघत नसेल तर डेंटिस्टकडे अल्ट्रासॉनिक मशीन असतं, काही मिनिटांत स्वच्छ होते.

साफ करून परत घालून बघा. नीट बसली तर विषय संपला.

रात्री कुठे ठेवता?

अ‍ॅक्रिलिक पाणी धरतं. तोंडात असताना ते ओलं असतं आणि त्या ओल्या अवस्थेतच त्याचं माप बरोबर असतं. रात्री काढून टिश्यूत गुंडाळून टेबलावर ठेवली तर वाळते, थोडी आकसते, रोज रोज हे झालं की कडा बदलतात आणि कवळी ठिसूळ पण होते. (टिश्यूत ठेवलेली कचऱ्यात पण जाते, ते वेगळंच.) साध्या पाण्याच्या डबीत ठेवायची, एवढंच.

गरम पाणी हा याच्याहून मोठा घोळ. निर्जंतुक होईल म्हणून लोक उकळत्या पाण्यात टाकतात. कवळी बनवताना अ‍ॅक्रिलिक साच्यात दाबून गरम करून घट्ट केलेलं असतं, त्यात थोडा ताण शिल्लक राहिलेला असतो, पुन्हा गरम पाणी लागलं की तो ताण सुटतो आणि प्लेट वाकते. डोळ्याला दिसत नाही पण तोंडात गेल्यावर डुगडुगते. असं झालेली प्लेट तार आवळून, खाली घासून, काहीही करून मूळच्या मापावर आणता येत नाही, नवीनच करावी लागते. म्हणून डेंटिस्टला खरं सांगा की गरम पाण्यात टाकली होती, त्यांचा आणि तुमचा वेळ वाचेल.

आणि हो, रात्री काढायचीच, डेंटिस्टनी काही कारणाने वेगळं सांगितलं नसेल तर. हिरडीला आराम लागतो, आणि झोपेत छोटी पार्शल सुटून घशात जायचा धोका असतो, त्यावर शेवटी सविस्तर लिहिलंय.

घालता-काढता कशी?

हे कोणी विचारतच नाही आणि माझ्या मते तारा खराब व्हायचं एक नंबरचं कारण हेच आहे. आरशासमोर उभं राहून स्वतःलाच बघा. कवळी तोंडात ठेवून दातांनी चावून खाली बसवता का? बरेच जण असंच करतात, पटकन होतं म्हणून. चावण्याची ताकद बोटांच्या ताकदीपेक्षा खूपच जास्त असते, आणि कवळी जरा तिरकी असली तरी ती ताकद सगळी एका तारेवर येते. तार दाताच्या फुगीर भागावरून घसरून खाली जायला हवी, ती तिथे अडकते आणि बाहेरच्या बाजूला उघडते. एका वेळेला काही कळत नाही. रोज दोनदा केलं की काही महिन्यांत कळतं.

काढताना पण तसंच, बहुतेक लोक एकाच तारेत नख घालून उपसतात, नेहमी तीच तार, नेहमी उजव्या किंवा नेहमी डाव्या हाताच्या सोयीची. मग ती एक बाजू ढिली आणि दुसरी घट्ट, कवळी एका कडेने लटकते. लॅबमध्ये कवळी हातात घेतली की तार कुठल्या बाजूची उघडलीय त्यावरून माणूस उजवा की डावखुरा याचा अंदाज बांधायचा आमचा खेळ असतो, आणि बऱ्यापैकी जमतो.

बरोबर पद्धत म्हणजे दोन्ही बाजूंना बोटं ठेवून प्लेटच्या भागावर दाबून एकसारखी खाली बसवायची, तारेवर दाब द्यायचा नाही. काढताना दोन्ही बाजूंनी थोडं थोडं आलटून पालटून सैल करायची, आणि शक्यतो प्लेटच्या कडेला धरून. तार धरावीच लागत असेल तर दाताजवळच्या जाड भागाला धरा, टोकाला नाही. टोक बारीक असतं आणि तेच पकडीचं काम करतं.

ही सवय बदलल्याशिवाय तार आवळून घेण्यात अर्थ नाही, ती पुन्हा उघडणारच.

घट्ट झालीय, बसत नाही

मधे काही दिवस किंवा आठवडे कवळी घातलीच नव्हती का? आजारपण, प्रवास, कंटाळा, काहीही कारण असो. दात हाडात सिमेंटने बसवलेले नसतात, शेजारची जागा रिकामी दिसली की दोन्ही बाजूंचे दात हळूहळू त्या जागेत कलतात, आणि समोरच्या जबड्यातला दात रिकाम्या जागेकडे उतरत येतो. कवळी तीच आहे, तोंड बदललंय. थोडंसं घट्ट असेल आणि बोटाच्या हलक्या दाबाने बसत असेल तर एक-दोन दिवसांत सरावते. पण जोर लावावा लागत असेल तर थांबा, जोराने चावून बसवली तर एकतर प्लेट तडकते नाहीतर काढताच येत नाही. डेंटिस्ट आतून थोडं घासून बसवून देतात, फार कललं असेल तर नवीन माप.

घट्टपणाचं दुसरं कारण, ज्या दाताला तार आहे त्याच्यावर नवीन फिलिंग किंवा कॅप झालीय. दाताचा आकार बदलला की जुनी तार बसणारच नाही. कॅप करायच्या आधी डेंटिस्टला पार्शल दाखवा, कॅप जुन्या तारेला जुळवून करता येते, नंतर मात्र खटाटोप वाढतो.

आता तोंडात बघा

मोबाईलचा टॉर्च आणि आरसा घ्या. कवळी जिथे बसते तिथली हिरडी, वरची असेल तर टाळू, तिचा रंग बघा. प्लेटच्या आकाराएवढाच लालभडक पट्टा असेल, दुखत नसला तरी, तर ती बहुतेक वेळा कॅन्डिडा नावाची बुरशी असते, रात्रंदिवस कवळी घालणाऱ्यांना आणि डायबेटिस असणाऱ्यांना जास्त होते. सुजलेल्या हिरडीवर कुठलीच कवळी नीट बसत नाही, आणि अशा वेळी माप घेऊन रिलाइन केली, म्हणजे कवळी आतून नव्याने भरून घेतली तर सूज उतरल्यावर पुन्हा ढिली होते. म्हणून आधी हिरडी बरी करायची, मग माप. चांगले डेंटिस्ट अशा वेळी काही दिवस कवळी काढून ठेवायला सांगतात, पेशंटला राग येतो, पण ते बरोबर आहे.

मग तारेच्या दाताला स्वच्छ बोटाने पुढे-मागे हलकं ढकलून बघा. किंचित लवचीकपणा प्रत्येक दाताला असतो, पण शेजारच्यापेक्षा स्पष्ट जास्त हलत असेल तर इथेच थांबायचं, पुढचे चेक करायचे नाहीत, अपॉइंटमेंट घ्यायची. कवळी ढिली नाहीये, खांबच ढिला झालाय. यावर तार आवळली तर तो दात लवकर जाईल आणि मग कवळी अडकवायलाच काही उरणार नाही.

थुंकी कमी झालीय का तेही आठवा. तोंड सतत कोरडं वाटतं, रात्री पाणी प्यायला उठावं लागतं? ब्लडप्रेशर, अ‍ॅलर्जी, डिप्रेशन यांच्या बऱ्याच गोळ्यांनी थुंकी कमी होते, आणि प्लेट आणि हिरडी यांच्यामधला थुंकीचा पातळ थरच वरच्या कवळीला धरून ठेवायला मदत करतो. नवीन गोळी सुरू झाली आणि कवळी सुटायला लागली असं असेल तर डॉक्टरांशी बोला, गोळी स्वतःहून बंद करू नका. वजन बरंच उतरलं असेल तरीही कवळी ढिली वाटते.

डुगडुग टेस्ट

हा या सगळ्यातला माझा आवडता चेक आहे, एक पैसा लागत नाही आणि सगळ्यात जास्त माहिती देतो. कवळी नीट बसवा. एका बोटाने उजव्या दाढांवर सरळ हिरडीकडे दाबा, डावीकडची बाजू उचलली जाते का बघा. मग उलट. मग पुढे दाबून मागे उचलते का, मागे दाबून पुढची तार दातावरून वर सरकते का. फक्त दाबायचं, ओढायचं नाही, ओढलं तर तारेची टेस्ट होते आणि आपल्याला आत्ता ती करायची नाहीये.

काहीच हलत नसेल तर आधार ठीक आहे, पुढे जा. हलत असेल तर हिरडीचा आधार गेलाय, म्हणजे खालचं हाड झिजलंय आणि प्लेट पोकळीवर तरंगतेय. दात काढल्यावर तिथलं हाड भरून येतं आणि सोबतच आकसतं पण, सगळ्यात जास्त पहिल्या वर्षात, त्यातही पहिल्या सहा महिन्यांत. म्हणून दात काढल्या काढल्या लगेच बसवलेली कवळी काही महिन्यांत ढिली होणार हे ठरलेलंच असतं, त्यात कोणाची चूक नाही, ती तात्पुरतीच असते, पण हे पेशंटला नीट सांगितलेलं नसतं आणि मग भांडणं होतात. नंतर झीज मंदावते, थांबत मात्र नाही.

इथे एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे डेंटिस्ट काय बोलतात ते कळेल. 1925 मध्ये एडवर्ड केनेडी नावाच्या डेंटिस्टनी दात कुठले गेलेत त्यावरून तोंडाचे चार वर्ग पाडले, अजूनही तेच वापरतात. वर्ग तीन म्हणजे गॅपच्या दोन्ही बाजूंना दात आहेत, कवळी दोन खांबांवर टेकते, तिला सहसा त्रास होत नाही. वर्ग चार म्हणजे पुढचे दात गेलेत आणि गॅप मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना आहे. वर्ग एक आणि दोन म्हणजे मागच्या दाढा गेल्यात, एक म्हणजे दोन्हीकडच्या आणि दोन म्हणजे एकीकडच्या, तिथे कवळीच्या पुढे दात आहे पण मागे नुसती हिरडी. दात हाडात घट्ट असतो, हिरडी दाबली की दबते, त्यामुळे चावलं की मागचा भाग खाली जातो आणि शेवटच्या दाताभोवती सगळी कवळी सी-सॉसारखी फिरते. आमच्याकडे परत येणाऱ्यांत मागच्या दाढा नसलेल्या खालच्या जबड्याच्या पार्शल भरपूर असतात, आणि चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, तार टाइट करा. अशा कवळीची तार टाइट केली की प्रत्येक घासाला तो शेवटचा दात मागे ओढला जातो. म्हणजे पक्कडीने दात काढायचं काम हप्त्याहप्त्याने.

याचा खरा उपाय रिलाइन. कवळीच्या आतूनच नवीन माप घेतात आणि पोकळी झालीय तेवढं अ‍ॅक्रिलिक भरतात. क्लिनिकमध्ये बसल्या बसल्या पण होतं, लॅबमध्ये पाठवून केलेलं जास्त टिकतं. घरी करायची रिलाइन किट मिळतात, ती घेऊ नका. कवळी योग्य जागी धरून ठेवल्याशिवाय मटेरियल भरलं तर उंची बदलते, चावणं बदलतं, आणि जाड झालेला भाग हाडावर दाब देऊन ते अजून झिजवतो. शिवाय मटेरियल दातांखालच्या खाचेत शिरून तिथेच घट्ट झालं तर कवळी तोंडात लॉक होते.

बघताना अजून एक, कवळीला टेकू आहे का? म्हणजे दाताच्या चावायच्या पृष्ठभागावर बसणारा धातूचा छोटा तुकडा, त्याला रेस्ट म्हणतात. कास्ट पार्शलला असतो, स्वस्तातल्या अ‍ॅक्रिलिक प्लेटला बरेचदा नसतोच. रेस्ट नसेल तर चावण्याचा सगळा भार हिरडीवर, प्लेट हळूहळू खाली रुतत जाते आणि दातांच्या मुळाशी असलेली हिरडी सोलवटून निघते. काही प्लेटना रेस्ट नंतरही बसवता येतो, विचारून बघा.

चावताना एकच दात आधी टेकतो का

कवळी घालून हळूच तोंड मिटा. सगळीकडे एकदम टेकतंय की कवळीतला एक दात आधी लागतोय? एक दात उंच असला तर प्रत्येक घासाला तो कवळीला तिरकी करतो, आणि तुम्हाला ती ढिली वाटते किंवा त्याच्याखाली टोचतं. हे डेंटिस्टचं काम आहे पण सोपं, रंगीत कागद चावायला देतात, ठसा उमटतो तेवढंच घासतात. घरी सॅंडपेपर किंवा नेलफाइल लावू नका, कुठे घासायचं ते ठशाशिवाय कळत नाही आणि घासलेलं परत येत नाही.

टोचण्याबद्दल पण हेच. व्रण असेल तर कवळी काढून ठेवा, मिठाच्या कोमट पाण्याने चूळ भरा, आणि अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी मात्र सहन होईल तेवढी घाला. कारण हिरडीवर खूण ताजी नसेल तर डेंटिस्टला प्लेटचा नेमका कुठला भाग टोचतोय ते सापडत नाही.

आणि आता तार

वरचं सगळं ठीक आहे, डुगडुगत नाही, दात पक्का आहे, साफ आहे, आणि तरी बोलताना सुटते, तेव्हा तार. कवळी घालून आरशात बघा, तार दाताला पूर्ण लांबीत चिकटून आहे की मधे फट आहे? फट दिसली तर खरंच उघडलीय.

डेंटिस्ट किंवा लॅबवाला ती आवळेल. तुम्ही का नाही? तारेचं टोक दाताच्या फुगीर भागाखालच्या खाचेत बसतं, ती खाच कास्ट क्लॅस्पला, म्हणजे ओतीव तारेला, साधारण पाव मिलीमीटर आणि वळवलेल्या तारेला साधारण अर्धा मिलीमीटर वापरतात. घरातल्या पक्कडीने एवढं बारीक वाकवता येत नाही. दुसरं, वाकवलेली तार त्या जागी कडक होत जाते, पुन्हा वाकवली की अजून कडक, मग एक दिवस तिथेच तुटते. कास्ट पार्शलचा कोबाल्ट-क्रोम धातू तर वाकवणं फारसं सहनच करत नाही, टचकन तुटतो, आणि तुटलेला कास्ट क्लॅस्प दुरुस्त करणं आम्हालाही नको असतं.

नायलॉनची फ्लेक्सिबल पार्शल असेल तर तिला तारच नसते, गुलाबी पट्ट्याच दात धरतात. दिसायला छान, पण ढिली झाली की करण्यासारखं कमी, कारण साधं अ‍ॅक्रिलिक नायलॉनला नीट चिकटत नाही, त्यामुळे रिलाइन अवघड. जिथे हाड अजून झिजायचंय तिथे मी स्वतः ती सुचवणार नाही.

दोन शॉर्टकट, दोन्ही टाळा

डेंचर अ‍ॅडहेसिव्ह पेस्ट. लग्नकार्याला, इंटरव्ह्यूला एक दिवस लावली तर हरकत नाही. पण रोज लागत असेल तर ती खराब फिटिंग लपवतेय, आणि खाली हाड झिजतंय. काही पेस्टमध्ये झिंक असायचं, आणि ती वर्षानुवर्षं भरपूर वापरल्यावर शरीरातलं तांबं कमी होऊन हातापायांच्या नसांना इजा झाल्याची उदाहरणं आहेत, म्हणून झिंक-फ्री बघूनच घ्या.

सुपरग्लू. कवळी तुटली की लोक चिकटवतात. ते तुकडे थोडे जरी तिरके बसले तरी आम्हाला मग तुटलेल्या कडा जुळवता येत नाहीत. न चिकटवता आणलेली, सगळे तुकडे असलेली प्लेट बरेचदा त्याच दिवशी दुरुस्त होऊन मिळते, चिकटवलेली असली की आधी ते सगळं काढत बसावं लागतं. बारीक कपचासुद्धा फेकू नका, पुडीत घालून आणा.

इथे थांबा आणि लगेच जा

छोटी, एक-दोन दातांची पार्शल सापडत नाहीये आणि गिळल्याची शंका आहे, किंवा घशात टोचतंय, गिळता येत नाही, खोकला थांबत नाही, तर डेंटिस्टकडे नाही, थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. तारेचं टोक अन्ननलिकेला भोक पाडू शकतं. आणि तिथे आवर्जून सांगा की कवळी अ‍ॅक्रिलिकची आहे, कारण साधं अ‍ॅक्रिलिक एक्स-रेमध्ये दिसत नाही, फक्त तार दिसते, तार नसेल तर काहीच दिसत नाही आणि "क्लिअर आहे" म्हणून घरी पाठवायचा धोका असतो.

कवळी काढून ठेवूनही व्रण दोन आठवड्यांत भरला नाही, किंवा गाठ, कडकपणा, न जाणारा पांढरा-लाल चट्टा असेल तर तपासून घ्या, तंबाखू खाणाऱ्यांनी तर वाटच बघू नये. सूज, पू, ताप आला तर त्याच दिवशी. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून किंवा कॅन्सरसाठी बिस्फॉस्फोनेट गटातली औषधं, गोळी किंवा इंजेक्शन, चालू असतील किंवा पूर्वी झाली असतील, आणि कवळीखाली व्रण पडून हाड दिसतंय असं वाटलं तर कवळी काढा आणि लगेच दाखवा, या औषधांवर जबड्याचं हाड नीट भरून येत नाही.

बाकी सगळ्यासाठी साधी अपॉइंटमेंट पुरते. जाताना कवळी डबीत पाण्यात घालून न्या, जुनी कवळी असेल तर तीही न्या, चालू गोळ्यांची यादी ठेवा, आणि "तार टाइट करा" असं सांगू नका. डुगडुग टेस्टमध्ये कुठे दाबल्यावर कुठे उचलली जाते ते सांगा, बोलताना सुटते की चावताना ते सांगा, दात कधी काढला होता ते सांगा. आणि विचारा की रिलाइनने भागेल की नवीन लागेल. प्लेट वाकलेली, पूर्वी दोनदा-तीनदा तुटलेली किंवा दात झिजून सपाट झालेले असतील तर रिलाइनवर पैसे घालू नका. तारेचाच एखादा दात जाणार असेल तर ती कवळी फेकायची घाई पण करू नका, बऱ्याचदा त्याच प्लेटला तो दात आणि पुढच्या दातावर नवीन तार जोडून देता येते, फक्त दात काढायच्या आधी माप घ्यायला सांगा.